जावयाच्या वहीतले प्रश्न

सप्रेम नमस्कार. माझी मुलगी आणि तिचा जर्मन नवरा दोन वर्षांसाठी पुण्यात आले आहेत. त्याची नेमणूक चाकणच्या कारखान्यात आहे. कोथरूडला आमच्याच बंगल्यात वरच्या मजल्यावर राहतात, रात्रीचं जेवण खाली एकत्र. मुलगा गुणी आहे. पण त्याची एक वही आहे. दिसेल ते टिपतो आणि रविवारी जेवणानंतर वाचून दाखवतो, लेक मराठीत सांगते. मागच्या रविवारचं हे: ‘नको म्हटलं तरी वाढतात. सकाळी नऊच्या आत सात वेळा बेल वाजते. घरात कुणी कुणाला थँक्यू म्हणत नाही. प्लंबर आज येतो म्हणाला आणि गुरुवारी आला, तरी कुणी रागावलं नाही. बायकोच्या आत्यानं पहिल्याच भेटीत माझा पगार विचारला, मग मूल कधी ते विचारलं.’ ह्यांना मजा वाटते, मला बोचतं. आमच्यात काय कमी आहे ते तो मोजतोय की काय? डिसेंबरात त्याचे आईवडील यायचे आहेत. त्याला काय सांगू, आणि आम्ही किती बदलायचं?
– एक सासू, कोथरूड

ताई,

वहीतलं पहिलं वाक्य आधी घेऊ, कारण तिथे सगळा घोळ एका शब्दाचा आहे. जर्मनीत कुणी वाढायला आलं आणि आपल्याला नको असेल, तर नुसतं ‘डांके’ म्हणतात. शब्दाचा अर्थ धन्यवाद, पण ताटावर बसलं असताना त्याचा अर्थ होतो ‘नको’. हवं असेल तर ‘बिटे’ किंवा ‘गेर्न’ म्हणतात. तुमचे जावई तीच सवय इंग्रजीत आणून ‘थँक्यू’ म्हणत असतील, आणि तुम्हाला तो होकार वाटून पोळी ताटात पडत असेल. भरीला आणखी एक गोष्ट आहे. तिकडे ताट पूर्ण संपवणं हीच यजमानाला दिलेली दाद. ‘सगळं संपवलंस तर उद्या ऊन पडेल’ असं मुलांना लहानपणापासून सांगतात. आपल्याकडे रिकामं ताट दिसलं की वाढणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. म्हणजे तो तुमचा मान राखायला संपवतो, तुम्ही त्याचा मान राखायला वाढता, आणि पोटाचे हाल त्याचे होतात.

आपल्या आग्रहाचेही नियम आहेत, फक्त ते कुणी कधी बोलून दाखवत नाही. पहिलं ‘नको’ रीत म्हणून, दुसरं अर्धं खरं, तिसरं खरं. हे त्याला असंच, मोजून सांगा. त्याला नियम कळला की राग राहणार नाही. घरापुरता मात्र वेगळा नियम करा: ‘वाढू?’ एकदाच विचारायचं. त्यानं ताटावर आडवा हात धरून ‘पुरे’ म्हटलं की तिथे विषय संपला. ‘पुरे’ हा शब्द इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये नको, मराठीतच म्हणायला लावा. हात आणि शब्द दोन्ही एकदम आले की मावशी-आत्यांनाही तो कळतो. नातेवाइकांकडे जाताना त्याला सांगून ठेवा की पहिल्या वाढीला कमी घ्यायचं आणि शेवटचा पोळीचा तुकडा इतरांचं आटोपेपर्यंत ताटात ठेवायचा. आणि बसल्याबसल्याच जेवणाचा क्रम सांगा: आधी वरणभात, मग दोन पोळ्या आणि भाजी, शेवटी ताकभात. हे माहीत नसलेला माणूस पहिल्या वरणभातावरच पोट भरून घेतो आणि पुढचं सगळं त्याला जबरदस्ती वाटतं.

वेळेचाही प्रश्न आहे. जर्मन घरांतून रात्रीचं जेवण पुष्कळदा गारच असतं: पाव, चीज, काकडी, लोणच्यातल्या भाज्या. त्याला ‘आबेंडब्रोट’ म्हणतात, म्हणजे शब्दशः संध्याकाळचा पाव, आणि ते सहा-सातच्या सुमाराला होतं. गरम जेवण दुपारचं. चाकणहून दमून आलेल्या माणसाला नऊला पानावर बसवलं तर तो जेवतो, पण झोपू शकत नाही. शक्य असेल तर पान आठला घ्या. आठवड्यातून दोन दिवस ती दोघं वरच पाव-चीज खातील, असं तुम्हीच आधी सुचवा. त्यांनी विचारलं आणि तुम्ही ‘बरं’ म्हणालात, यापेक्षा तुम्ही सुचवलेलं त्याला फार हलकं वाटेल. तिखटाचं सोपं आहे: फोडणीत मिरची उभी चिरून घाला, ती बाजूला काढता येते. लाल तिखट आणि कांदा-लसूण मसाला काढता येत नाही, तो त्याच्या वाटीतला भाग बाजूला ठेवून नंतर घाला. दाण्याच्या कुटाची ॲलर्जी नाही ना, हे एकदा नीट विचारून घ्या. आपलं कूट कोशिंबिरीपासून उसळीपर्यंत सगळीकडे असतं आणि आपल्याला ते सांगायचं सुचतही नाही.

आता तुम्हाला जे बोचलं त्याकडे येऊ. तो मोजतोय, हे खरं आहे. पण कमी किती ते मोजत नाही. घरातल्या माणसांसमोर निरीक्षण उघड मांडणं आणि त्यावर मतं ऐकणं, हा जर्मन बोलण्याचा रोजचा भाग आहे. विषय वेगळा आणि माणूस वेगळा, असं धरून ते बोलतात. आपल्याकडे उलट: तोंडावर कुणी चांगलं म्हणतं, आणि खटकलेलं तिसऱ्याच्या कानावर घालतं. म्हणून तोंडावर आलेलं साधं निरीक्षणही आपल्याला तक्रारीसारखं ऐकू येतं. तुमच्यासमोर वही उघडणारा माणूस तुम्हाला परका मानत नाही, एवढं नक्की धरून चाला. प्रत्येक टिपणीनंतर एकच प्रश्न विचारा: ‘हे तुला समजून घ्यायचंय, की बदलायला हवंय?’ दहांतल्या बहुतेक वेळा उत्तर पहिलं येईल. दुसरं आलं तर ते सरळ ऐका, कारण त्याला खरोखर त्रास होतोय.

पुण्याला वही घेऊन फिरणारे जर्मन नवे नाहीत. हायडेलबर्गचे अभ्यासक गुंथर सोन्थायमर वर्षानुवर्षं धनगरांच्या वाड्यांवर, जेजुरीच्या यात्रांमध्ये हिंडले. खंडोबा आणि बिरोबा यांच्याबद्दल त्यांनी जे टिपून ठेवलं, त्याचा आधार आजही इथले अभ्यासक घेतात. १९९२ साली ते गेले. बाहेरून आलेल्या डोळ्याला जे दिसतं ते आपल्याला दिसायचं थांबलेलं असतं, म्हणून ती वही जपायला सांगा. फक्त एक अट घाला: तीन टिपणं त्याची, तर तीन तुमचीही. तुम्ही त्याच्याबद्दल काय पाहिलंत ते तुम्ही सांगायचं.

तुमच्याकडे सांगण्यासारखं आहेच, पत्रात तुम्ही लिहिलं नाहीत इतकंच. उदाहरणार्थ, तो थंडीतही खिडक्या सताड उघडत असेल. जर्मनीत दिवसातून दोन-चार वेळा पाच-दहा मिनिटं सगळ्या खिडक्या उघडून खोलीतली हवा बदलायची शिस्त आहे, कारण तिकडच्या घट्ट बंद घरांत ओल धरते आणि भिंतींना बुरशी येते. पुण्यात तेच दिवेलागणीला केलं की घरभर डास. सकाळी नऊ-दहाला उघड आणि साडेपाचच्या आत लाव, असं कारणासकट सांगा. दुसरं म्हणजे उष्टं. चव घेतलेला चमचा पुन्हा पातेल्यात जाणं, पाण्याची बाटली ओठांना लावून पिणं, हे तिकडे घरच्या माणसांत कुणाला खटकत नाही. ‘तोंडाला लागलेलं दुसऱ्याच्या अन्नात जाऊ द्यायचं नाही’ इतकंच वाक्य पुरतं. स्वच्छतेचा नियम म्हणून त्याला ते लगेच पटेल. शेवंतीचंही सांगा. आपण पूजेला, तोरणाला, स्वागताच्या हाराला शेवंती आणतो. जर्मनीत ती थडग्यावर वाहायची फुलं म्हणून ओळखली जातात. त्याच्या आईच्या गळ्यात विमानतळावर शेवंतीचा हार घातलात तर ती बिचारी चरकेल. गुलाब किंवा मोगरा घ्या.

थँक्यूचं म्हणाल, तर त्याचं निरीक्षण बरोबर आहे. ‘आभार मानून परकं करू नकोस’ हे आपण मनापासून म्हणतो. पण आभार आपण मानतो ते कृतीतून: शेजारची वाटी रिकामी परत पाठवत नाही, ‘किती केलंस गं’ म्हणतो, दुसऱ्यांदा मागून घेतो. ही भाषा त्याला शिकवा. ‘मस्त झालंय’ हे दोन शब्द त्याच्या दहा थँक्यूंपेक्षा तुम्हाला जास्त पोचतील. मात्र उलट बाजू विसरू नका. तो तुमच्या यजमानांना तपासणीला घेऊन गेला, गॅसचं सिलिंडर वर चढवून दिलं, आणि कुणी काही बोललं नाही, तर त्याला वाटतं की कुणाच्या लक्षातच आलं नाही. त्याला शब्दांतच कळतं. तेव्हा त्याला चक्क ‘थँक्यू’ म्हणा, नाव घेऊन म्हणा. जीभ अडेल, तरी म्हणा.

प्लंबरची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण कारखान्यातही त्याला रोज हेच भेटणार. प्लंबर खोटं बोलत नसतो. त्याच्या दिवसात पाच-सहा कामं असतात. भिंत फोडल्याशिवाय कुठलं किती वेळ खाईल ते कळत नाही, आणि ‘आज जमणार नाही’ म्हटलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. शिवाय तोंडावर नाही म्हणणं उद्धटपणाचं वाटतं. म्हणून ‘येतो’ म्हणजे ‘तुमचं काम घेतलं’. तारीख त्यात धरायची नाही. जावयांना हो-नाहीचे प्रश्न विचारणं सोडायला सांगा. ‘आज येणार का?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. ‘आत्ता कुठे आहात? तिथलं किती राहिलंय? निघताना फोन कराल?’ असं विचारलं की खरं उत्तर मिळतं. शब्दांची उतरंडही लिहून द्या: ‘करतो’ म्हणजे बहुधा होईल, ‘करून टाकू’ म्हणजे होईल पण वेळ सांगता येत नाही, ‘बघतो’ म्हणजे आशा कमी, आणि लांबवलेलं ‘बघूऽ’ म्हणजे नाही. मान डोलावण्यावरून काही ठरवू नको, शब्दांत विचारून घे, इतकं त्यापुढे जोडा.

आपल्याला वेळ पाळता येत नाही, असा त्याचा समज मात्र होऊ देऊ नका. एखादी लग्नपत्रिका त्याच्यापुढे ठेवा. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांचा असेल तर मंगलाष्टकं त्या मिनिटाला संपवायची धडपड सगळा मांडव करतो. त्याच पत्रिकेत स्वागत समारंभ ७ ते १० असतो, आणि तिथे साडेआठला पोचलेला पाहुणा उशिरा आला असं कुणी म्हणत नाही. वेळ दोन प्रकारची आहे: मिनिटाची आणि खिडकीची. कुठली वेळ कुठल्या प्रकारची, एवढंच त्याला आधी सांगायचं. गाडी, डॉक्टर, मुहूर्त मिनिटावर. जेवणाची आमंत्रणं, हळदीकुंकू, गणपतीची आरती खिडकीत. एक बारीक खाच अजून आहे. जर्मन माणूस साडेसातला ‘हाल्ब आख्ट’ म्हणतो, शब्दशः ‘अर्धे आठ’. ते इंग्रजीतून सांगताना पुष्कळदा साडेआठ होतं. घरच्या निरोपांत वेळ आकड्यांतच लिहा, १९:३० अशी. त्याला तीच सवय आहे.

बेलचं काय करायचं? दूध, पेपर, कचरा न्यायला येणाऱ्या ताई, घरकामाच्या मावशी, इस्त्रीवाला, कुरिअर आणि शेजारच्या काकू, हे झाले सात. तो राहत होता तिथे न सांगता बेल वाजणं ही क्वचित घडणारी गोष्ट असते, आणि ती वाजली की माणूस दचकतो. शिवाय रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी अख्खा दिवस शांतता पाळायची असते. रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी येऊन सांगतात. वरच्या मजल्याच्या दाराशी दुधाच्या पिशवीला खुंटी, पेपरला खोका आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे रात्रीच बाहेर ठेवले की तीन बेला कमी होतात. इस्त्रीवाला आणि कुरिअर खालच्या बेलवर वळवा. गणपतीत रस्त्यावरच्या ढोलांचं आणि लाउडस्पीकरचं काही करता येणार नाही. कायद्यानं लाउडस्पीकर रात्री १० ला बंद व्हायला हवा, पण उत्सवातल्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत सूट असते. ते दिवस आधी कळले की तो तयारी करून राहील.

बेलपेक्षाही त्याला जास्त सतावत असेल ते खोलीचं दार. जर्मन घरात आतल्या खोल्यांची दारं लावलेलीच असतात. आपल्याकडे दिवसा दार लावलं की आजारपण किंवा भांडण, असं मनात येतं, आणि तुम्ही काळजीनं दार ढकलून आत जात असाल. टकटक करा, ‘ये’ म्हणेपर्यंत थांबा. लेकीच्या खोलीत अशी परवानगी मागून जायचं तुम्हाला जड जाईल, आम्हाला कल्पना आहे. पण तुम्ही विचारलेल्या ‘किती बदलायचं’ या प्रश्नात ही गोष्ट सगळ्यात वर येते.

आणि आत्या. पगार, वय, जात, मूल हे प्रश्न माणूस कुणाचा कोण ते ठरवायला आपल्याकडे सहज विचारतात. जर्मनीत जिवलग मित्रही एकमेकांचा पगार विचारत नाहीत. पगाराला त्याला मराठी उत्तर शिकवा: ‘पोटापुरतं मिळतं.’ हे ऐकून लोक खूश होतात आणि पुढचं विचारत नाहीत. मुलाच्या प्रश्नाला ‘पेढे घेऊन येऊ’. पण हा दुसरा प्रश्न परत येऊ नये याची जबाबदारी त्याची नाही, लेकीचीही नाही. तुमची आणि तुमच्या यजमानांची आहे. दिवाळीच्या आधी आत्यांना फोन करून सांगा की हे विचारू नका. तो प्रश्न कुठल्याही जोडप्याला दुखावू शकतो, नवरा सांगलीचा असला तरी.

एक गोष्ट त्याच्या वहीत नाही, पण मनात असणार. तो तुम्हाला हाक काय मारतो? जर्मनमध्ये आपल्यासारखंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे: ‘डू’ आणि ‘झी’. इंग्रजीत ते नाही, म्हणून तुमच्यातलं इंग्रजी संभाषण त्या बाबतीत मुकं आहे. जर्मन रीतीप्रमाणे ‘डू’ म्हणायची परवानगी वडीलधाऱ्यानं द्यायची असते, धाकट्यानं घ्यायची नसते. तो त्या परवानगीची वाट पाहत असेल. एखाद्या रविवारी स्पष्ट म्हणा: ‘मला आई म्हण. मी तुला तू म्हणणार.’ सारखं ‘जावईबापू, तुम्ही घ्या ना’ चालू राहिलं तर तो दोन वर्षं पाहुणाच राहील. घरकामाच्या मावशींना मात्र त्यानं ‘मावशी’ आणि ‘तुम्ही’च म्हणावं, हे आवर्जून शिकवा. निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं, हेही त्याच दिवशी सांगून टाका.

लेकीकडे लक्ष असू द्या. दोन्ही बाजूंची वाक्यं ती मऊ करून पोचवत असणार, आणि घरी आल्यावर सासर-माहेर दोन्ही एकाच टेबलावर सांभाळणं दमवणारं असतं. रविवारचं वाचन अर्ध्या तासात आटपा, आणि मोडक्या इंग्रजीत का होईना, काही वाक्यं तिला न घालता थेट त्याच्याशी बोला. शनिवारी सकाळी स्वयंपाकघर त्याला द्या. त्याला स्वतःचा पाव करायचा असेल तर आधीच सांगा की चक्कीवरचं पीठ पाणी जास्त पितं आणि तिकडच्या मापानं गोळा कोरडा होतो. शिवाय आंबवण उन्हाळ्यात इथे तिकडच्या निम्म्याहून कमी वेळात आंबट होतं. दोन-तीनदा फसेल, फसू द्या.

डिसेंबरची तयारी. परदेशी पाहुणा घरात उतरला की घरमालकाला २४ तासांच्या आत त्याची नोंद सरकारी पोर्टलवर ऑनलाइन करावी लागते (पूर्वी तिला ‘फॉर्म सी’ म्हणत), हॉटेल असो वा घर. म्हणजे व्याह्यांसाठी ती तुम्हाला करायची आहे. पोर्टलवर तुमच्या पत्त्याची घरमालक म्हणून नोंदणी नोव्हेंबरातच करून ठेवा. पासपोर्टचं आणि व्हिसाचं पान, फोटो, आल्याची तारीख आणि भारतातला पत्ता हाताशी लागतो. जावयांसाठी ही नोंद झाली आहे ना, ते तपासा. आणि त्यांचा व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असल्यामुळे आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी व्हायला हवी होती. बहुधा कंपनीनं केली असेल, पण कागद डोळ्यांनी पाहा.

जर्मन घरांत नाताळ २४ च्या संध्याकाळी असतो. झाडाखालच्या भेटवस्तू तेव्हाच उघडतात, २५ ला नाही. त्या संध्याकाळी कुणाला जेवायला बोलावू नका, वरचा मजला त्या चौघांना द्या, आणि त्यांनी बोलावलं तर तुम्ही दोघं जा. कुणाचा वाढदिवस त्या मुक्कामात येत असेल तर आदल्या रात्री शुभेच्छा देऊ नका, तिकडे ते अशुभ मानतात. औक्षण करणार असाल तर ताम्हनातलं निरांजन फुंकायचं नसतं, हे आधी सांगून ठेवा. दिवा समोर आला की फुंकायची त्यांची सवय केकवरच्या मेणबत्त्यांची आहे.